तज्ज्ञमधला अर्धा ज

३ फेब्रुवारी

संपादकांनी नव्या वर्षाची भेट म्हणून दिलेली ही दैनंदिनी महिनाभर रद्दीच्या गठ्ठ्यावर पडून होती. आज उघडली, कारण घरात एक माणूस वाढलं आहे आणि बोलायला मला जागा उरलेली नाही.

वाढलेलं माणूस म्हणजे माझी भाची. लहानपणी दूधसुद्धा मोजून मागायची, म्हणून सगळे तिला ‘मापटं’ म्हणतात. नाव नपुंसकलिंगी असलं तरी प्रयोग सदैव कर्तरी. आहारशास्त्राची पदवी तिने पहिल्या वर्गात मिळवली आणि त्यामुळेच आता पंचाईत झाली आहे. यापुढे रुग्णालयात वर्षभर उमेदवारी करायची; त्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, परीक्षेशिवाय नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय कुणाला ‘मीठ कमी खा’ एवढंही अधिकाराने सांगता येत नाही. उमेदवारीत पगार मिळत नाही, उलट रुग्णालयालाच शुल्क द्यावं लागतं. माझी बहीण शिवणकामावर घर चालवते. तिने पदवीपर्यंत रेटलं. हे वर्ष तिच्या यंत्राच्या टप्प्यात नाही. राहायला आमचं घर आहे. बाकीच्या खर्चाला शिक्षणसाहाय्य निधीकडे हात पसरायचा, असं ठरलं आहे.

संध्याकाळी मी वर्तमानपत्रासाठी लिहिलेल्या बाजारभावांची मुद्रितं तपासत असताना मापटं समोर येऊन बसलं. निवडीच्या वेळी काय दाखवावं लागतं, दोन महिने काय करायचं, असं बरंच सांगत होतं. शेवटी म्हणालं, “तर मामा, तुम्ही चालाल का?”

“चालेन की,” मी म्हणालो. कांद्याच्या भावात एक शून्य जास्त पडलं होतं, माझं लक्ष तिकडे.

“नक्की ना? मामी, तू साक्षीदार हं.”

“आहेच मी,” ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

मामाने बरोबर फिरायला यावं यासाठी साक्षीदार कशाला लागतो, ते कळलं नाही. नवी पिढी व्यवहारी आहे.

४ फेब्रुवारी

उजाडताच मापटं माझे बूट हातात घेऊन उभं. “मामा, चला.” दिल्या शब्दाला जागणं भाग होतं. नदीकाठच्या रस्त्याने गेलो. परत येईपर्यंत माझे पाय माझे राहिले नव्हते.

नंतर तिने माझ्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला. हात बसायला सराव हवा, हे मान्य. यंत्रातला आकडा बघून दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

“काय झालं?”

“कालच सांगितलं ना मामा सगळं,” मापटं म्हणालं.

सांगितलं असेल. मी मान डोलावली. माणसाने तरुणांचा उत्साह मोडू नये.

१२ फेब्रुवारी

निधीच्या चिटणीसबाईंना दूरध्वनी केला. त्यांचं म्हणणं असं की निधी विद्यार्थ्यांसाठी आहे आणि पदवी हातात आल्यावर माणूस विद्यार्थी राहत नाही. मग रुग्णालयात विचारलं. तिथे म्हणाले, उमेदवार कर्मचारी नव्हे, सबब कर्मचाऱ्यांची कुठलीही सवलत नाही. म्हणजे मापटं ना या विभक्तीत ना त्या. व्याकरणात याला अव्यय म्हणतात. अव्ययाचा एक फायदा म्हणजे ते बदलत नाही आणि एक तोटा म्हणजे त्याला कुणी चालवत नाही.

मी पुन्हा दूरध्वनी केला. “बाई, ‘विद्यार्थी’ हा शब्द विद्या अधिक अर्थी असा झाला आहे. अर्थी म्हणजे इच्छा करणारा. जो विद्येची इच्छा करतो तो विद्यार्थी. महाविद्यालयाचा यात उल्लेखच नाही.”

मग बाई म्हणाल्या, “तुमचं वय काय हो?”

“चौपन्न. का?”

“तुमची अजून इच्छा आहे का काही शिकायची?”

“आहे तर!”

“मग उद्या तुम्हीही मदत मागाल,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. युक्तिवादात दोष नव्हता, हे मात्र त्यांना मान्य करावं लागलं असावं.

२३ फेब्रुवारी

काटकसर सुरू झालेली दिसते. हिने नव्या थाळ्या आणल्या. चकचकीत आहेत, पण बशीच्या थोरल्या बहिणी शोभतील एवढ्याच. चहात साखर हिच्या मनाला येईल तितकी. बिस्किटांचा डबा जागेवर नाही. मी चकार शब्द काढला नाही. पोरीच्या शिक्षणासाठी सगळं घर झीज सोसतंय, अशा वेळी बिस्किटाची चौकशी कुठल्या तोंडाने करायची?

कचेरीशेजारच्या बेकरीवाल्याचाही धंदा बसत चाललेला दिसतो. मी गेलो की क्रीमचा केक संपलेला. आज तर काचेतून दिसत होता.

“हा काय आहे मग?” मी विचारलं.

“तो ऑर्डरचा आहे साहेब.”

“कुणाच्या?”

त्याने आधी छताकडे पाहिलं, मग म्हणाला, “वहिनी बऱ्या आहेत ना?”

धंद्यातल्या ताणाने माणूस असंबद्ध बोलू लागतो.

२ मार्च

मापट्याला नोकरी चालून आली! चौकातल्या बारीक होण्याची पूड विकणाऱ्या दुकानात. पांढरा कोट, छातीवर ‘सल्लागार’ अशी पट्टी, पहिल्या दिवसापासून पगार.

“शिक्षण काय लागतं म्हणाले?” मी विचारलं.

“हसून बोलता आलं पाहिजे, म्हणाले.”

“आणि पुडीत काय असतं?”

“तेच मी विचारलं. तर म्हणाले, ते विचारायचं नसतं, ते विकायचं असतं.”

ती हसली, पण जेवताना पगाराचा आकडा पुन्हा एकदा म्हणाली. आईला एकेक शिलाई घालताना बघितलेलं पोर; पगार हा शब्द तिला पुडीपेक्षा लवकर लागू पडतो. दुकानदार थोडे दिवस थांबायला तयार आहे. निधीचं काही झालं नाही, तर चार वर्षं शिकलेलं सगळं विसरून मापटं हसून बोलायला लागेल.

त्या विचाराने मीच खंगत चाललो आहे. पट्टा एक भोक आत गेला. दुपारी कचेरीत पूर्वी डोळा लागायचा, तोही लागत नाही. काळजी माणसाला आतून पोखरते ती अशी.

९ मार्च

आज ही नुसतीच म्हणाली, “जाऊन आले हो.”

“कुठे?”

“निधीच्या कचेरीत. त्यांची नियमपुस्तिका मागितली आणि वाचली. त्यात महाविद्यालयाचा दाखला हवा असं कुठेच नाही. जो शिकवतो त्याचा दाखला हवा, एवढंच आहे. म्हणून रुग्णालयात गेले. तिथल्या मुख्य आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, मुलाखत घेते; शिकण्यासारखी असली तर दाखला देते. निधीच्या बाईही तेव्हा तिथेच येऊन बसतील.”

“म्हणजे माझाच मुद्दा,” मी म्हणालो. “विद्येची इच्छा...”

“हो, तुमचाच. फक्त फोनवरून नाही मांडला.”

मुलाखत अकरा एप्रिलला. दुकानदार त्या संध्याकाळपर्यंतच थांबतो म्हणाला.

१९ मार्च

हिने धावपळ केली, आता माझंही काही नको का? संपादकांना गाठलं आणि मापट्याचा एक लेख रविवार पुरवणीत घ्यायला लावला. विषय: घाईघाईने जेवणारी माणसं. लेख बरा आहे, उदाहरणं विशेष जिवंत. जेवताना वर्तमानपत्र वाचणारा आणि ताटात काय होतं ते नंतर न आठवणारा गृहस्थ तर इतका हुबेहूब उतरला आहे की असा माणूस तिला कुठे भेटला कोण जाणे.

“मामा, माझ्या नावाखाली ‘आहारशास्त्राची पदवीधर’ एवढंच लिहा हं,” ती दोनदा म्हणाली.

पदवीधर! भाजी मंडईत दगड मारला तर पदवीधराला लागतो. मी ते खोडून ‘आहारतज्ज्ञ’ केलं. मुलाखत घेणारांवर छाप पडली पाहिजे.

२३ मार्च, रविवार

घात! छापलं आहे ‘आहारतज्ञ’.

तीस वर्षं मी या एका शब्दासाठी कचेरीत कंठशोष करतो आहे. तत् अधिक ज्ञ. ते जाणणारा. त-चा ज होतो, तो अर्धा ज राहिलाच पाहिजे. तो काढला की शब्द लंगडा होतो. मुद्रितशोधक म्हणतो, “पंडित, उच्चारात तो ऐकू येतो का?” मी म्हटलं, तुझा मेंदू तरी कुठे ऐकू येतो?

अक्षर अगदी बारीक होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नसतं, असं ही म्हणते. माझ्या लक्षात आलं ना!

संपादकांच्या घरी जाऊन बसलो. शुद्धिपत्र घेतल्याशिवाय उठणार नाही, म्हटलं. त्यांना बाहेर जायचं होतं, त्यामुळे लवकर तयार झाले.

२४ मार्च

पहिल्या पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत: ‘कालच्या पुरवणीतील लेखिकेचा उल्लेख अनवधानाने आहारतज्ञ असा झाला. त्या आहारतज्ज्ञ आहेत. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’

अर्धा ज जागेवर. जेवताना ताटाखाली अंक पसरून पुन्हा वाचला.

२५ मार्च

चिटणीसबाईंचा दूरध्वनी आला. आवाज अतिशय गोड.

“अभिनंदन! तुमची भाची तज्ज्ञ झाल्याचं पहिल्या पानावर वाचलं.”

मी आभार मानले.

“आमचा निधी मात्र विद्यार्थ्यांसाठी आहे. तज्ज्ञांना आम्ही कशी मदत करणार? आणि मुख्य बाईंनीही वाचलंय बरं का. नोंदणी नसताना तो शब्द लावणं नियमाविरुद्ध आहे, असं त्या म्हणत होत्या. मुलाखतीला पाठवा हवं तर. काय खुलासा करायचा तो करू दे.”

फोन ठेवला तेव्हा मापटं दारात उभं होतं. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

“तुम्ही बदललंत, मामा?”

“मी फक्त...”

“मी दोनदा सांगितलं होतं.”

ती आत गेली. ही म्हणाली, “चूक छापली तेव्हा कुणाला दिसली नाही. बरोबर केलीत आणि सगळ्या गावाला दिसली.”

रात्री जेवण गेलं नाही. तसंही ताटात फार नव्हतंच.

२६ मार्च

आज ती येणार नाही, असं वाटलं. उजाडताच दार वाजलं. हातात माझे बूट.

“चला.”

सबंध वाटेत माझ्या चार पावलं पुढे चालली. मी दोनदा घसा खाकरला. घरी आल्यावर थेंब घेतला, आकडा पाहिला आणि एवढंच म्हणाली, “छान.” कुणाला म्हणाली ते कळलं नाही. इतका राग असूनही सराव चुकवत नाही. ही मुलगी पूड विकणार? विचार करवत नाही.

३० मार्च

संपादकांपुढे उभा राहिलो.

“पंडित,” ते म्हणाले, “तुमच्या भाचीची पात्रता आपल्या अंकात दर खेपेला बदलतेय. आता काय करायचंय तिला, शस्त्रवैद्य?”

“पदवीधर करा. आणि चूक तिची नाही, माझी होती, असंही छापा.”

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत मी पहिल्यांदाच एखादी पदवी कमी करायला आलो होतो.

३१ मार्च

छापून आलं. ‘लेखिका आहारतज्ज्ञ नसून आहारशास्त्राच्या पदवीधर आहेत. सदर चूक त्यांची नसून आमच्या वार्ताहाराची आहे.’

वार्ताहाराची! हर-चा हार केला! वार्ता हा ज्याचा आहार आहे तो! मुद्रितशोधकाने हे मुद्दाम केलं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. टोपी घालून कचेरीकडे निघालो होतो, तर ही दार अडवून उभी राहिली.

“तिसरं शुद्धिपत्र काढलंत तर मी माहेरी जाईन.”

मागे मापटं अंक हातात धरून उभं होतं. सहा दिवसांत पहिल्यांदा हसत होतं, तेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “मामा, राहू दे ना. किती बरोबर आहे ते!”

टोपी काढून ठेवली.

११ एप्रिल

मुलाखतीला तिघंही गेलो. रुग्णालयात, स्वयंपाकघराला लागून एक खोली आहे. बाहेर बाकावर आम्हा दोघांना बसवलं. मापटं आत गेलं. भाज्या शिजल्याचा वास येत होता आणि मला आश्चर्य वाटण्याइतकी भूक लागली होती. ही पदराच्या टोकाला गाठी मारत होती आणि सोडत होती.

बऱ्याच वेळाने चिटणीसबाई दारात आल्या. “पेशंटला आत बोलावलंय.”

मी इकडेतिकडे पाहिलं. बाकावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

“अहो, तुम्हालाच,” ही म्हणाली.

आत मुख्य बाई बसल्या होत्या. सडसडीत, पांढरे केस, समोरच्याला नजरेनेच तोलतील अशा. “या. वार्ताहार आपणच ना?”

“हर,” मी म्हणालो.

“तुमच्या भाचीने एका रुग्णाला दोन महिने सांभाळून दाखवलंय. साखर बरीच वाढलेली. ऐकून न ऐकणारा. जेवताना पेपर वाचणारा. साखर आता जवळजवळ ठिकाणावर आलीय. काम चांगलं आहे. पण रुग्णाची संमती घेतल्याशिवाय असं काही केलेलं मला चालत नाही. हिने तुम्हाला विचारलं होतं का?”

माझ्या डोळ्यांपुढून थाळ्या गेल्या. बिस्किटांचा डबा गेला. बेकरीवाल्याने पाहिलेलं छत गेलं. पट्ट्याचं भोक गेलं. म्हणजे ती काळजी नव्हतीच! मापट्याकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती. माझा चेहरा पाहून तिला तेव्हाच कळलं असावं की मला आजवर काहीच कळलेलं नाही.

मी नाही म्हणालो असतो तर सगळं संपत होतं. संध्याकाळी पुडीचं दुकान.

“विचारलं होतं,” मी म्हणालो. “चालाल का, असं विचारलं होतं. मी चालेन म्हणालो. साक्षीदार आहे.”

शब्दशः खरं होतं. तीस वर्षं शब्दांवर जगलेल्या माणसाला याहून जास्त काय हवं? पण मुख्य बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

“कशासाठी विचारतेय, ते कळलं होतं का?”

भिंतीपलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं.

“नाही बाई,” मी म्हणालो. “मला वाटलं, फिरायला.”

चिटणीसबाईंच्या नाकातून एक आवाज आला. मी घाईने पुढे म्हणालो, “पण ‘पथ्य’ या शब्दातच पथ आहे. जे वाटेला धरून असतं ते पथ्य. तेव्हा चालणं आणि पथ्य तत्त्वतः एकच...”

“तुमचं व्याकरण उत्तम आहे,” मुख्य बाई म्हणाल्या. “कान तपासून घ्या.” मग मापट्याकडे वळल्या. “तू सांगितलंस आणि यांनी ऐकलं नाही. माझ्याकडे रोज हेच होतं. पेशंट हो म्हणतो. कशाला हो म्हणतो ते त्यालाच ठाऊक नसतं. तू ‘चालाल का’ विचारून थांबलीस. पुढे काय विचारायला हवं होतं?”

मापटं म्हणालं, “‘मी काय म्हणाले ते मला सांगा बरं,’ असं.”

“कुठे शिकवलं हे?”

“कुठेच नाही. आत्ताच कळलं.”

मुख्य बाई चिटणीसबाईंना म्हणाल्या, “बघा. तज्ज्ञ असती तर ही चूक केली नसती. शिकण्यासारखी नसती तर ती सापडली नसती. हिला विद्यार्थी नाही म्हणायचं तर मग कुणाला म्हणायचं? दाखला मी देते.”

“निधीची हरकत नाही,” चिटणीसबाई डोळे पुसत म्हणाल्या. “फक्त मामांना पुन्हा फोन करू देऊ नका.”

“आणि आता यांना नीट विचार.”

मापटं माझ्यासमोर येऊन बसलं. माझी साखर कशी होती, काय होऊ शकलं असतं, पुढे काय खायचं नाही, सगळं सावकाश सांगितलं. मी पहिल्यांदाच ऐकलं. बरंचसं आवडलं नाही. मग ती म्हणाली, “आता मी काय म्हणाले ते सांगा.”

मी सांगितलं. बारीकसारीक सगळं सांगितलं, केकसकट.

बाहेर येताना ही हळूच म्हणाली, “खोटं बोलला असतात तर बरं वाटलं असतं तिला. पण मला नसतं वाटलं.” वाटेत पुडीच्या दुकानाशी थांबून मापट्याने नकार कळवला, हसून बोलून.

५ मे

मापट्याच्या उमेदवारीचा पहिला दिवस. संध्याकाळी आली ती थेट माझ्यापुढे. पांढऱ्या कोटावर नवी कोरी पट्टी, खाली तिचा हुद्दा लिहिलेला. तिने खांदे मागे टाकले. “वाचा मामा.”

मी वाचलं. ‘प्रशिक्षणार्थि’.

पुन्हा वाचलं. हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. मापटं माझ्या तोंडाकडे बघत होतं. शिवणयंत्रावरून उठून तिची आई फोनवर आली होती आणि कशी दिसते गं पट्टी, कशी दिसते, म्हणून पलीकडून विचारत होती.

ही माझ्या कानाशी वाकली. “ऱ्हस्व आहे ना हो?”

“आहे.”

“मग?”

पेन खिशातच राहू दिलं. बूट पायात घातले.

“चालेल,” मी म्हणालो.